चिंचोके, माती आणि एलकेजी : मराठी शाळेचा पट अंगणवाडीतच ठरतो

बेळगावात 'रामघाट' म्हटलं की आपल्याला रामघाट रोड आठवतो, कोकणात उतरणारी जुनी वाट आठवते. उज्जैनचा राम घाट वेगळा. तो क्षिप्रेच्या काठचा, दगडी पायऱ्यांचा, सिंहस्थात स्नानासाठी माणसांचा पूर लोटतो तो. महाकालाचं दर्शन झालं की आपल्याकडची माणसंही संध्याकाळच्या आरतीला तिथे जाऊन बसतात. मागच्या हिवाळ्यात मीही बसलो होतो.

माझ्या दोन पायऱ्या खाली दिवे विकणारी एक बाई होती. तिची चारेक वर्षांची मुलगी शेजारी खेळत होती. खेळणं म्हणजे काय, तर विक्रीतून बाद झालेले पानांचे फाटके द्रोण, चुरगळलेली झेंडूची फुलं, विझलेल्या वाती आणि ओंजळभर खडे. आधी तिने द्रोण लहान-मोठे असे ओळीत लावले. मग प्रत्येकात एकेक फूल ठेवलं. एक द्रोण रिकामा राहिला, तर ती उठून आणखी एक फूल शोधून आली. मग फुलं काढून खडे भरले आणि एकेक द्रोण पाण्यात सोडायला लागली. एका खड्याचा तरंगला. तीन खड्यांचा बुडाला. तिने आईकडे बघून काहीतरी विचारलं. आईने गिऱ्हाईक सांभाळत दोन शब्दांत उत्तर दिलं. पोरीने पुढच्या द्रोणात दोन खडे ठेवले.

हे सगळं वीसेक मिनिटं चाललं होतं. क्रम लावणं, एकास एक जोडी, कमी-जास्त, अंदाज, पडताळा. अंगणवाडीच्या अभ्यासक्रमात जे जे लिहिलेलं असतं, त्यातलं निम्मं त्या पायरीवर होऊन गेलं.

घाटावरचं बालपण गोड असतं असं मला म्हणायचं नाही. त्या मुलीला अंगणवाडी हवीच. पोषण आहार हवा, लस हवी, थंडीत बसायला कोरडी जागा हवी. प्रश्न एवढाच आहे की अंगणवाडीत गेल्यावर तिचा हा उद्योग पुढे चालेल, की 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हणून तो थांबवला जाईल?

हा प्रश्न उज्जैनपेक्षा आपल्या सीमाभागात जास्त महत्त्वाचा आहे. कारण आपल्याकडे त्याच्यावर मराठी शाळेचा पट अवलंबून आहे. कसा, ते सांगतो.

मोकळं साहित्य म्हणजे काय?

बालशिक्षणाच्या बैठकांत आणि सरकारी प्रशिक्षणात 'ओपन एंडेड मटेरियल' हा शब्द ऐकू येतो. साध्या मराठीत त्याला मोकळं साहित्य म्हणू. ज्याचा वापर आधीपासून ठरलेला नाही, ज्याचं एकच बरोबर उत्तर नाही, अशी वस्तू. पंचवीस तुकड्यांचं जिगसॉ पझल एकाच प्रकारे लागतं. लागलं की खेळ संपला. पण करवंटी? ती वाटी होते, टोपी होते, घोड्याच्या टापांचा आवाज होते, मातीच्या घराचा घुमट होते. लाकडाचे ठोकळे, चिंचोके, शिंपले, काड्या, दोरी, कापडाचे तुकडे, ओली माती, वाळू, पाणी हे सगळं त्याच जातीचं.

1971 साली सायमन निकल्सन या ब्रिटिश शिल्पकाराने एका लेखात 'सुट्या भागां'चा सिद्धांत मांडला. त्याचं म्हणणं सरळ होतं : एखाद्या जागेत मुलाला हलवता, जोडता, मोडता येतील अशा सुट्या वस्तू जितक्या जास्त, तितकं त्या जागेत मुलाचं डोकं जास्त चालतं. त्याच्याही आधी, 1943 साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या एम्द्रुप भागात फळ्या, विटा, जुनी चाकं असा भंगारमाल टाकून मुलांसाठी मैदान उघडलं होतं. मुलं तयार घसरगुंडीपेक्षा बांधकामाच्या ढिगाऱ्यावर जास्त रमतात, हे तिथल्या एका वास्तुरचनाकाराने पाहिलं होतं.

आपल्याला हे सांगायला डेन्मार्क कशाला हवं? दिवाळीत बेळगावच्या गल्ल्यांत फिरून या. दगड, विटा, पोती, चिखल, वर मोहरी नाहीतर अळीव पेरून उगवलेलं गवत, आणि उभा राहतो राजगड नाहीतर पन्हाळा. मोठी पोरं बुरूज बांधतात, बारकी पाणी आणतात, चिखल तुडवतात. बुरूज ढासळला तर पाया रुंद करायचा, हे त्यांना कुणी शिकवत नाही. तो ढासळल्यावर कळतं. तेच पोर सोमवारी बालवाडीत गेलं की मात्र छापील किल्ल्याच्या चित्रात रेषेबाहेर न जाता रंग भरतं.

होशंगाबादचा एक धडा

उज्जैनचा विषय निघालाच आहे तर त्याच राज्यातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. 1972 मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 16 माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू झाला. सहावी ते आठवीच्या मुलांनी पाठांतर न करता स्वतः प्रयोग करायचे, तेही गावात मिळणाऱ्या वस्तूंतून. 1982 मध्ये 'एकलव्य' ही संस्था उभी राहिली आणि हे काम उज्जैन-देवासच्या बाजूलाही पसरलं. पुण्यात टेल्कोमध्ये इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता 1978 मध्ये याच प्रयोगात गेले आणि आगपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार कसे शिकवता येतात ते दाखवून आले. कचऱ्यातून खेळणी करणारा हा माणूस पुढे पुण्याच्या आयुका संस्थेत कित्येक वर्षं होता. आज आपल्याकडच्या अनेक शिक्षकांच्या मोबाइलमध्ये त्यांचे व्हिडिओ असतात.

तीस वर्षं चाललेला तो होशंगाबादचा कार्यक्रम 2002 मध्ये सरकारने बंद केला. तो मोठ्या मुलांचा होता, विषयही वेगळा होता. पण धडा आपल्या कामाचा आहे. वस्तू फुकट मिळतात, कल्पनाही मिळतात. टिकत नाही ती परवानगी. पालकाला पटलेलं नसेल, तर मुलांनी वस्तू हातात घेऊन शिकण्याचा कुठलाही कार्यक्रम एका सरकारी आदेशाने थांबतो आणि कुणी रस्त्यावर येत नाही.

'अंगणवाडी' हा शब्द आला कुठून?

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येऊ. ती घडली तीही एका सीमेवरच.

ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केलं. गिजुभाईंनी 1920 मध्ये तिथे बालमंदिर काढलं होतं. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. नंतर ताराबाई मुंबईत आल्या, दादरला शिशुविहार सुरू केलं. माँटेसरी पद्धत त्यांनी नीट अभ्यासली होती. पण ती शहरातल्या, ऐपतीच्या घरांतच अडकते, हे त्यांना डाचत होतं. माँटेसरीचं साहित्य मापात घडवलेलं, महाग. खेड्यात ते कोण घेणार?

1945 मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पलीकडे हाकेच्या अंतरावर आजच्या गुजरातचा उंबरगाव तालुका. सोबतीला अनुताई वाघ आल्या. लहानपणीच विधवा झालेल्या, नोकरी करत शिकलेल्या शिक्षिका. पुढे 1957 मध्ये दोघींनी मुक्काम हलवला तो डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मधोमध.

तिथे पहिली अडचण ही, की मुलं शाळेत येतच नव्हती. कुणी गुरं राखत होतं, कुणी धाकटं भावंड सांभाळत होतं. मग शाळाच मुलांकडे गेली. पाड्याच्या अंगणात भरली ती अंगणवाडी. गुरं चरतात तिथे भरली ती कुरणशाळा. आज देशभर सरकारी पाटीवर दिसणारा 'अंगणवाडी' हा शब्द ताराबाईंच्या या कामातून पुढे आला. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधी.

आणि साहित्य? खडे, बिया, पानं, शिंपले, माती, बांबूच्या कांबी. माँटेसरीबाईंच्या संचातला क्रम आणि तत्त्व ठेवलं, किंमत सोडून दिली. वजनाची जाण द्यायला घडवलेला ठोकळाच लागतो असं नाही, दोन दगडही चालतात. रंगछटा शिकायला रेशमी फिती लागत नाहीत, एकाच झाडाची कोवळी आणि जून पानं पुरतात. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं. 1973 मध्ये त्या गेल्या. अनुताईंनी 1992 पर्यंत, म्हणजे स्वतः जाईपर्यंत, कोसबाडचं काम ओढलं.

त्यामुळे खेळातून शिक्षण ही काही परदेशी फॅशन नाही. ज्यांना ती तशी वाटते त्यांनी लक्षात घ्यावं, की ती मराठी बायकांनी सीमेवरच्या पाड्यांत, पैसे नसताना उभी करून दाखवली.

कागदावर काय आहे?

कागद चांगलाच आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हे वय 'पायाभूत स्तर' म्हणून एकत्र धरलं. ऑक्टोबर 2022 मध्ये त्या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. त्यात खेळ हाच मध्यवर्ती आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्राने 'जादुई पिटारा' नावाची पेटी आणली. खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रपत्ते, गोष्टी, अनेक भाषांत. अंगणवाड्यांसाठी 'पोषण भी पढाई भी' हे प्रशिक्षणही त्याच वर्षी सुरू झालं.

आपण कर्नाटकात आहोत. इथल्या सरकारने राष्ट्रीय धोरण बाजूला ठेवून स्वतःच्या राज्य शिक्षण धोरणासाठी प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. ऑगस्ट 2025 मध्ये त्याचा अहवाल आला. त्यातल्या दोन शिफारशी आपल्या कामाच्या. पूर्वप्राथमिकची दोन वर्षं शालेय रचनेत धरावीत. आणि किमान पाचवीपर्यंत माध्यम कन्नड किंवा मातृभाषा असावं. 'किंवा मातृभाषा' हे दोन शब्द सीमाभागाने अधोरेखित करून ठेवायला हवेत.

त्याआधी 2024 च्या जूनमध्ये सरकारी शाळांत एलकेजी-यूकेजी सुरू करण्याच्या निर्णयाविरुद्ध अंगणवाडी सेविकांनी बंगळूरला आंदोलन केलं होतं. मुलं शाळेच्या एलकेजीत गेली तर अंगणवाडीत उरणार कोण, हा त्यांचा सवाल होता. त्यानंतर जुलैमध्ये बंगळुरातल्या अडीचशे अंगणवाड्यांना 'सरकारी माँटेसरी'चं रूप देण्याचा कार्यक्रम झाला. या खात्याच्या मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर आपल्याच बेळगाव ग्रामीणच्या आमदार आहेत. त्यामुळे या विषयात बेळगावचा आवाज पोहोचायला फार लांब जावं लागत नाही.

माँटेसरी हे नाव घेतलं, ठीक. पण नावासोबत काय येणार? गणवेश, पुस्तकं आणि एबीसीडी येणार असेल तर ती माँटेसरी नव्हे, खासगी एलकेजीची सरकारी नक्कल. कोसबाडच्या बायकांनी नेमकं उलटं केलं होतं. त्यांच्याकडे पाटी नव्हती, पद्धत होती.

पटाचं गणित तीन वर्षांपासून सुरू होतं

आता मुख्य मुद्दा.

दरवर्षी मे-जूनमध्ये आपल्याकडे मराठी शाळा वाचवण्याची मोहीम निघते. कार्यकर्ते घरोघरी जातात, पहिलीत नाव घाला म्हणून विनवतात. माजी विद्यार्थी दप्तरं वाटतात, मंडळं वह्या देतात. हे काम मनापासून केलं जातं. पण ज्या घरात आपण जातो, तिथलं मूल एव्हाना सहा वर्षांचं झालेलं असतं. ते साडेतीनव्या वर्षीच पिवळ्या बसमध्ये बसलेलं असतं. नर्सरी, एलकेजी, यूकेजी अशी दोन-तीन वर्षं त्याने इंग्रजी शाळेत काढलेली असतात. डोनेशन भरून झालेलं असतं. त्याचे मित्र तिथे असतात. आता ते मूल परत मराठी पहिलीत आणा म्हणणं म्हणजे त्या आईबापांना 'तुम्ही चुकलात' असं तोंडावर सांगणं. कोण ऐकेल?

म्हणजे माध्यमाचा निर्णय सहाव्या वर्षी होतच नाही. तो तिसऱ्या-चौथ्या वर्षी होऊन जातो. आणि त्या वेळी मराठी शाळा दारातच नसते, कारण ती सुरूच होते पहिलीपासून.

त्यात पहिलीच्या वयाचा गोंधळ. कर्नाटकात पहिलीला सहा वर्षं पूर्ण हवीत हा नियम आला. 2025-26 साठी ती अट शिथिल करून पाच वर्षं पाच महिने केली आणि ही सवलत त्या वर्षापुरतीच, असंही सांगितलं गेलं. पालकाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? मूल आणखी वर्षभर 'कुठेतरी' घालायला हवं. ते 'कुठेतरी' बहुतेक वेळा खासगी एलकेजी असतं.

या तीन वर्षांच्या पोकळीत आपल्याकडे आहे काय? अंगणवाडी. गावागावात आहे, घरापासून चालत जाण्याजोगी आहे, फुकट आहे. पण पालक म्हणतात, "तिथं काय शिकवत्यात? नुसतं खाऊ घालून झोपवत्यात." हे वाक्य खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठेही ऐका. ते पूर्ण खरं नाही, पूर्ण खोटंही नाही.

सेविकेची बाजू ऐकली तर कळतं. आहार, वजनं, गरोदर बायकांच्या भेटी, मोबाइलवरचा पोषण ट्रॅकर, सर्वेक्षणं, मतदारयाद्या. हे सगळं एका बाईच्या डोक्यावर. तीन ते सहा वयाची मुलं एकाच खोलीत, वेगवेगळ्या भाषांची. खेळाचं साहित्य आलेलं असलं तरी ते फुटलं, हरवलं तर जबाब कोण देणार, म्हणून कपाटात कुलूपबंद. त्यात पालकांचा रेटा, की लिहायला शिकवा. मग ती बिचारी फळ्यावर अ-आ आणि एबीसी काढते आणि मुलं ओरडून म्हणतात.

खेळ आणि भाषा

मोकळ्या साहित्याचं सीमाभागात एक खास काम आहे. ते भाषेचं.

पाठ केलेल्या 'वन टू थ्री'ला भाषा लागत नाही. ती पोपटपंची. पण त्याच मुलासमोर चिंचोके, काड्या आणि दोन करवंट्या ठेवा आणि गप्प बसा. पाच मिनिटांत ऐकू येतं, "ह्यो माझा ट्रॅक्टर. ह्यात ऊस भरलाय. तू बाजूला हो, कारखान्याला जायचं हाय." चार वर्षांच्या मुलाने आपणहून केलेली ही चार वाक्यं आहेत. त्यात 'माझा' आहे, 'तू' आहे, कारण आहे, पुढे काय होणार ते आहे. वाचन पुढे ज्या पायावर उभं राहतं तो पाया हाच. आणि ही वाक्यं मूल फक्त त्याच भाषेत करू शकतं जी त्याच्या घरात बोलली जाते.

शेजारी कन्नड किंवा उर्दू बोलणारं मूल असेल तर? खेळात ती भाषाही येते. ट्रॅक्टरला रस्ता हवा असेल तर पोरं एकमेकांचे शब्द उचलतात. आपल्यातल्या कितीतरी जणांनी कन्नड असंच उचललंय, गल्लीत, गोट्या खेळताना. भाषा लादली की पोर गप्प होतं. खेळायला दिलं की दोन भाषा बोलायला लागतं. सीमाभागातल्या भाषेच्या भांडणात हा साधा अनुभव आपण दोन्ही बाजूंनी विसरतो.

पण लिहिणं-वाचणं मागे पडणार नाही का?

हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. त्याला 'खेळ छान असतो' एवढं उत्तर पुरत नाही.

आपल्याच देशातला पुरावा आधी. आंबेडकर विद्यापीठाचं बालशिक्षण केंद्र आणि असर सेंटर यांनी राजस्थान, आसाम आणि तेलंगणात सुमारे 14,000 मुलांचा चार ते आठ वयापर्यंत पाठपुरावा केला. अहवाल 2017 मध्ये आला. पाच वर्षांची बहुतेक मुलं शाळेसाठी जेवढी तयार हवी होती तेवढी नव्हती. आणि खासगी पूर्वप्राथमिक वर्ग म्हणजे बहुतांशी पहिलीच खाली ओढून आणलेली होती, पाटी, फळा, घोकंपट्टी. वयाला साजेसे खेळ-उपक्रम जिथे होते, तिथल्या मुलांची तयारी बरी दिसली. म्हणजे पैसे भरून घेतलेली घाई कामाला आली नाही.

अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या सरकारी पूर्वप्राथमिक वर्गांचा पाठपुरावा झाला. 2022 मध्ये आलेल्या निकालात त्या वर्गात गेलेली मुलं सहावीपर्यंत न गेलेल्यांपेक्षा मागेच पडलेली दिसली. तो अभ्यास करणाऱ्या डेल फॅरन यांचं मत असं, की त्या वर्गांत सगळ्यांना एकत्र बसवून शिकवणं फार होतं आणि मुलांचं स्वतःचं खेळणं फार थोडं. तिथली परिस्थिती वेगळी, हे मान्य. पण लवकर सुरू केलं म्हणजे पुढे गेलं, हा हिशेब बरोबर नाही, एवढं तरी त्यातून कळतं.

हाताचंही तसंच. पेन्सिल धरायला बोटांत जी पकड लागते ती पेन्सिल धरून येत नाही. चिंचोका चिमटीत उचलून, मटार सोलून, माती मळून, रांगोळीची चिमूट सोडून येते. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल कोंबून 'ए' गिरवून घेतला तर 'ए' येतो आणि कंटाळाही येतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मोकळं साहित्य म्हणजे मोकळं सोडून देणं नव्हे. टोपली ओतली आणि बाई रजिस्टर लिहायला बसल्या, तर अर्ध्या तासात मारामारी आणि चिंचोका नाकात. तीन वर्षांखालच्या मुलांना बारीक बिया देऊच नयेत. मोठ्यांचं काम बघायचं, ऐकायचं आणि योग्य वेळी एक प्रश्न विचारायचं. 'किती आहेत?' हा प्रश्न वाईट नाही, पण त्याला एकाच शब्दाचं उत्तर येतं. 'काय केलंस, सांग की' म्हटलं तर गोष्ट येते. उज्जैनच्या घाटावर त्या आईने गिऱ्हाईक सांभाळत दोन शब्द दिले, तेवढ्याने पोरीचा प्रयोग पुढे सरकला. ती आई प्रशिक्षित नव्हती. पण पोरीने विचारलेलं तिने कानाआड केलं नाही, आणि तिच्याच बोलीत उत्तर दिलं.

मग करायचं काय?

सरकारी पेटीची वाट बघत बसायचं कारण नाही. काही गोष्टी गावपातळीवर या वर्षीही होऊ शकतात.

एक, मराठी प्राथमिक शाळा आणि गावची अंगणवाडी यांची गाठ घालून द्यायला हवी. बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकाच आवारात असतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत. पहिलीच्या शिक्षिकेने आठवड्यातून एक तास अंगणवाडीत घालवला, तर मूल सहा वर्षांचं होईतो तिला ओळखायला लागेल. आईबापही ओळखतील. पट वाढवण्याचा यापेक्षा स्वस्त उपाय मला दिसत नाही.

दोन, साहित्याची टोपली गावाने भरावी. ज्या मंडळांनी जूनमध्ये वह्या वाटल्या त्यांनी सुताराकडून उरलेले लाकडाचे तुकडे घासून आणावेत. शिंप्याकडच्या चिंध्या, करवंट्या, चिंचोके, सागरगोटे, बांगड्या, वाळूची एक पाटी. तुटलं-हरवलं तर कुणी जबाब मागणार नाही, असं पंचायतीने आणि पालकांनी सेविकेला सांगावं. कपाटाचं कुलूप या एका आश्वासनाने उघडेल.

तीन, रोज ठरलेला एक तास खेळाचा. त्या तासात मोबाइलवरची नोंद नाही, फळा नाही. मदतनीस आणि आळीपाळीने एखादी आजी सोबतीला. आजीला गाणी येतात, गोष्टी येतात आणि ती अस्सल इथली मराठी बोलते.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं : पालकाला दिसलं पाहिजे. खासगी शाळा वही घरी पाठवते, त्यात 'गुड' लिहिलेलं असतं. पालकाला पुरावा मिळतो. अंगणवाडीतून काय जातं? काहीच नाही. मग महिन्यातून एकदा आईबापांना अर्धा तास बोलवा. पोर खेळताना बघू द्या. त्याने काय बांधलं, काय बोललं ते दोन ओळींत कागदावर लिहून द्या. 'आज सुहासने सात काड्यांचं घर केलं, मोडलं, परत आठ काड्यांचं केलं.' ही ओळ वाचलेला बाप 'नुसतं खाऊ घालतात' असं म्हणणार नाही.

पाच, राज्याच्या पातळीवर. अंगणवाडीत एलकेजी-यूकेजी येणार असेल तर सीमाभागात ती मुलाच्या भाषेत असावी, ही मागणी आत्ताच करायला हवी. थोरात आयोगाने मातृभाषेची शिफारस केलीच आहे. पहिलीच्या पुस्तकासाठी आपण जेवढं भांडतो, त्याच्या निम्मं जरी अंगणवाडीतल्या बोलण्यासाठी भांडलो तरी पुष्कळ.

पुढच्या आठवड्यात जमलं तर आपल्या गावच्या अंगणवाडीत जाऊन या. तक्रार करायला नको. खिशात मूठभर चिंचोके घेऊन जा, बाईंना विचारून पोरांपुढे ठेवा आणि दहा मिनिटं काही न बोलता बसा. पोरं काय म्हणतात ते ऐका, आणि मग घरी येऊन ठरवा, आपल्या नातवाचं नाव कुठे घालायचं ते.